हिवाळ्यातील पाऊस आणि ओली थंडी

१ डिसेंबर २०२१ हा दिवस नवी मुंबईकरांच्या अजून स्मरणात असेल. आदल्या रात्रीपासूनच आभाळ भरून आले होते. सकाळी बेलापूर स्थानकाबाहेर पाहावे तो स्वेटर घातलेली माणसे डोक्यावर छत्री धरून चाललेली. पावसाळ्यानंतर वाळवून, गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या छत्र्या घाईघाईने खाली काढल्या गेल्या होत्या. पारसिकची डोंगररांग ढगांत बुडाली होती, खाडीवरून गार वारा येत होता आणि दिवसभर पावसाची रपरप चालू होती. सूर्याचे दर्शन असे झालेच नाही.

पुढे वर्गात या दिवसाचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने साधाच प्रश्न विचारला. "सर, जुलैत आम्ही चिंब भिजत फुटबॉल खेळतो, तरी थंडी वाजत नाही. त्या दिवशी मात्र नुसते चार शिंतोडे अंगावर आले आणि दात वाजू लागले. पाऊस तोच, गाव तेच, मग असे का?" प्रश्न ऐकून वर्ग हसला. मला मात्र हा प्रश्न मोलाचा वाटला. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्या प्रदेशाच्या हवामानाचा एक महत्त्वाचा पाठ हाती लागतो. त्याच पावसात घाटावर असंख्य मुकी जनावरे गारठून मेली. म्हणजे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे, तो जगण्यामरण्याचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपला नेहमीचा हिवाळा

प्रथम नेहमीचा हिवाळा कसा असतो ते पाहू. परतीचा पाऊस निघून गेला की ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि दिवाळीच्या सुमारास हवा पालटते. उत्तर भारतावर वायुभार वाढतो आणि तेथून कोरडे वारे ईशान्येकडून आपल्याकडे वाहू लागतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात, दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात. आकाश निरभ्र असते. दिवसा ऊन चांगलेच तापते, डिसेंबरातही दुपारचे तापमान बहुधा ३० अंशांच्या वर जाते, आणि रात्री ते झपाट्याने उतरते. निरभ्र आकाशामुळे जमिनीची उष्णता रात्री अवकाशात निघून जाते, म्हणून पहाटे गारठा पडतो. थोडक्यात, आपला हिवाळा हा कोरडा, स्वच्छ आणि दिवसा उबदार असा ऋतू आहे. डिसेंबर महिन्यात येथे सरासरीने जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडतो, आणि अनेक वर्षी तर एक थेंबही पडत नाही.

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या त्या दिवसाचा आकडा पाहावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या परिभाषेत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार पाऊस' सुरू होतो. म्हणजे हा पाऊस जुलैतही जोरदारच म्हटला गेला असता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणित विद्यार्थ्यांनी कायमचे लक्षात ठेवावे. त्या हिशेबाने ९० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर नऊ लाख लिटर पाणी ओततो. तेही अशा वेळी, जेव्हा शेतकऱ्याने, कोळ्याने आणि मेंढपाळाने पाऊस संपला असे धरून आपला सारा संसार उघड्यावर मांडलेला असतो.

हा पाऊस येतो कोठून?

पावसाळ्यातील पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, हे आपण शाळेपासून घोकत आलो. हिवाळ्यातील पावसाची जन्मकथा निराळी आहे. तिचे तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार पश्चिमी प्रक्षोभाचा. भूमध्य समुद्राच्या परिसरात हवेची आवर्ते तयार होतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांतून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा पूर्वेकडे प्रवास करतात. काश्मीर व हिमाचलमधील बर्फ आणि पंजाबातील गव्हाला जीवदान देणारा हिवाळी पाऊस ही त्यांचीच देणगी. सामान्यतः त्यांचा प्रभाव उत्तरेतच संपतो. परंतु एखादे वेळी हा प्रक्षोभ जोरदार असतो आणि त्याचा पट्टा दक्षिणेकडे खोलवर उतरतो, तेव्हा महाराष्ट्रावरही ढग जमतात.

दुसरा प्रकार अरबी समुद्रातील कमी दाबाचा. पावसाळा संपला तरी समुद्राचे पाणी लगेच थंड होत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्यावर कमी दाबाचे पट्टे आणि कधी कधी चक्रीवादळे निर्माण होतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, त्यावेळी कोकण किनाऱ्यावर मासेमारी नौकांची आणि माणसांची हानी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये कन्याकुमारी आणि लक्षद्वीपकडून आलेले 'ओखी' वादळ गुजरातच्या किनाऱ्यापाशी पोहोचेपर्यंत क्षीण झाले, तरी वाटेत त्याने आपल्याकडे पाऊस दिला. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, रायगड आदी जिल्ह्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या अनुयायांचे मंडप चिखलात गेले आणि त्यांची सोय शाळांच्या इमारतींत करावी लागली.

तिसरा प्रकार म्हणजे या दोहोंची गाठ पडणे. १ डिसेंबर २०२१ ला नेमके हेच घडले. अरबी समुद्रावरून उत्तर महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्याकडे कमी दाबाचा पट्टा पसरला होता, तो समुद्रावरील बाष्प आत ओढत होता. त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी प्रक्षोभ येत होता आणि वरच्या थरात गार हवा होती. खाली दमट हवा आणि वर गार हवा अशी मांडणी झाली की ढग उंच चढतात आणि पाऊस थांबता थांबत नाही. हीच मांडणी उन्हे तापू लागल्यावर देशावर जमली तर गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राने कित्येक दिवस चाललेली जी गारपीट सोसली, तिचे मूळही अशाच संयोगात होते.

गारठा का वाजतो?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. यासाठी वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि दोन्ही पंख्यासमोर धरावेत. ओल्या फडक्याचा पारा खाली उतरू लागतो. फडक्यातील पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते, एक ग्रॅम पाण्याला त्यासाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. हवा जितकी कोरडी तितकी वाफ अधिक आणि तितका पारा खाली. माठातील पाणी उन्हाळ्यात गार होते आणि पावसाळ्यात होत नाही, याचे कारणही हेच.

आता आकडे घालून पाहू. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर ओल्या तापमापकाचा पारा जेमतेम २६-२७ अंशांपर्यंत उतरतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे तीत आणखी वाफ मावत नाही. म्हणून जुलैत भिजलेला मुलगा सहसा २६ अंशांच्या खाली गार होत नाही. याउलट डिसेंबरातील हवा ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के धरा. ओला पारा थेट २० अंशांपर्यंत खाली येतो. ढगातून पडणारा पाऊस जेव्हा अशा कोरड्या हवेतून खाली येतो, तेव्हा त्याचा काही भाग वाटेतच वाफ होतो आणि सबंध हवेलाच त्या ओल्या फडक्याची अवकळा येते. हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण सूर्याचे. आपण १९ उत्तर अक्षांशावर राहतो. डिसेंबरच्या आरंभी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशच वर असतो आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. हिवाळ्यात आपल्याला ऊब मिळते ती सर्वस्वी निरभ्र आकाशामुळे. त्यावर ढगांचे झाकण पडले की ही तुटपुंजी मिळकतही बंद होते. तिसरे कारण वाऱ्याचे. अंगाभोवती आपल्याच उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो उडवून लावतो. आणि चौथे कारण कपड्यांचे. कोरडी लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. ती भिजली की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता फार लवकर वाहून नेते. ही चारही कारणे एकत्र आली म्हणजे ओली थंडी जन्माला येते.

येथे एक गमतीची पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. वृत्तपत्रांत थंडीची बातमी येते ती रात्रीच्या किमान तापमानाची. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, हा मुंबईतील नीचांक आजही सांगितला जातो. ती कोरडी थंडी. रात्र काकडत काढावी, सकाळी उन्हात बसावे, की अंग मोकळे. ओल्या थंडीत मात्र ढग जमिनीवर गोधडीसारखे पसरतात आणि रात्रीचे तापमान फारसे उतरतच नाही. उतरते ते दिवसाचे. २३ जानेवारी २०२२ हा रविवार आठवावा. आदल्या दिवशी हलक्या सरी येऊन गेल्या होत्या आणि पश्चिमी प्रक्षोभामुळे कराचीच्या बाजूने उठलेली धूळ समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत आली होती. गाड्यांवर, झाडांच्या पानांवर पांढरट थर बसला होता. त्या दिवशी सांताक्रूझचे कमाल तापमान २३.८ अंशांवरच थांबले. म्हणजे भर दुपारीही तेथे २४ अंश भरले नाहीत. केवळ किमान तापमानाचा तक्ता पाहणाऱ्याला या गारठ्याचा पत्ताही लागणार नाही. ओली थंडी ओळखायची तर दुपारचा आकडा पाहावा लागतो.

या पावसाची किंमत

नवी मुंबईतील नोकरदाराला असा दिवस म्हणजे गरम भजी आणि उशिरा धावणारी लोकल. पण शहराच्या वेशीबाहेर त्याचा हिशेब निराळा असतो.

उरण तालुक्यात आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यांत हिवाळा हा मासळी सुकवण्याचा हंगाम. वलांडीवर टांगलेले बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा यांना दोन दिवस पाऊस लागला की त्याला वास सुटतो, अळ्या पडतात, आणि तो माल फेकण्याखेरीज गत्यंतर नसते. मिठागरांत नुकतेच समुद्राचे पाणी घेऊन वाफे तयार केलेले असतात, पावसाने ते गोडे होते आणि काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. रायगडच्या शेतांत भाताची उडवी झोडणीची वाट पाहत उभी असतात, पेंढा भिजून काळा पडतो. भातानंतर जमिनीतील ओलीवर पेरलेला वाल नुकताच वर आलेला असतो, साचलेल्या पाण्यात त्याची मुळे कुजतात.

आंब्याचे दुखणे अधिक खोल. हापूसला मोहर येण्यासाठी कोरडी थंडी लागते. त्याऐवजी ढगाळ, दमट हवा राहिली की तुडतुडे वाढतात, भुरी आणि करपा येतो, आलेला मोहर गळतो. बागायतदाराला फवारणीचा खर्च पुन्हा करावा लागतो आणि फळ लांबते. २०२२ च्या हंगामात वाशीच्या घाऊक बाजारात हापूसची आवक सुरुवातीला कमी होती, तिचे एक कारण अशा हवेत होते. नाशिककडे बागलाण भागात लवकर तयार होणारी द्राक्षे त्याच सुमारास भरत असतात. पाणी पिऊन मणी तडकतो आणि वर्षभराची मेहनत घडावरच नासते. कांद्याच्या पातीवर करपा पडतो तो वेगळाच. वाशीच्या बाजारातील भावाची पाटी वाचताना तिच्यामागे असा एखादा पाऊस असू शकतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

पण सर्वांत दारुण हानी झाली ती मेंढपाळांची. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत आणि शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) १ व २ डिसेंबर २०२१ च्या पावसात मोठ्या प्रमाणावर मेंढ्या व कोकरे गारठून मरण पावली. मेंढीला थंडी सोसते, लोकर तिच्यासाठीच असते, असे आपण म्हणू. पण वर पाहिलेले गणित येथे लावून पाहावे. उघड्या रानात वाघुरीच्या जाळीत बसवलेला कळप, आडोसा नाही, भिजलेली लोकर, रात्रभर वारा, आणि दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. कोरड्या थंडीत ऊन पडले की जनावर सावरते, ओल्या थंडीत त्याला सावरायला उसंतच मिळत नाही. धनगराचा कळप म्हणजेच त्याचे शेत, त्याची बँक आणि त्याच्या लेकीच्या लग्नाची तरतूद. तो एका रात्रीत गेला.

शब्दांचा प्रश्न

हवामान खात्याने त्या पावसाचा इशारा आधी दिला होता. मग हे असे का व्हावे? कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विचार करावा असा भाग येथे सुरू होतो.

आपल्या पूर्वजांनी पावसाला नक्षत्रांची नावे दिली. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस निराळा, त्याचे काम निराळे. मृगाचा पाऊस पेरणीचा, हस्ताचा गडगडाटी. स्वातीचे नक्षत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि त्यानंतरच्या पावसाला नावच नाही. त्याला आपण सरसकट 'अवकाळी' म्हणतो, म्हणजे ज्याची ही वेळ नव्हे तो. वैशाखातला वळीवही तसा पावसाळ्याआधीचाच, पण त्याला स्वतःचे नाव आहे, त्याचा सुगंध आहे, त्याची वाट पाहिली जाते. हिवाळ्यातील पाऊस मात्र बिननावाचा राहिला. ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्याविषयीची शहाणीवही पिढ्यान्‌पिढ्या साठत नाही. कोणत्या नक्षत्रात जनावरे कोठे बांधावीत हे आजोबा सांगू शकत होते. डिसेंबरातील झडीविषयी सांगण्यासारखे त्यांच्याजवळही फार थोडे होते.

दुसरी अडचण इशाऱ्याच्या भाषेची. आज इशारे पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत दिले जातात आणि ते भ्रमणध्वनीवर क्षणात पोहोचतात. ही मोठीच सोय आहे. परंतु 'मध्यम ते जोरदार पावसाची शक्यता' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जुलैचा पाऊस उभा राहतो, आणि जुलैच्या पावसात मेंढी मरत नाही. पावसाच्या इशाऱ्यातून ओल्या गारठ्याची कल्पना येतेच असे नाही. 'आज रात्री पाऊस आणि वारा एकत्र येणार आहे, दुसऱ्या दिवशी ऊन पडणार नाही, कोकरे आडोशाला घ्या, वाळत घातलेली मासळी उचला' असे त्याचे रूपांतर कोणीतरी करावयास हवे. वेधशाळेतील शास्त्रज्ञ आपले काम करतो. त्याचे वाक्य माणसाच्या कामाच्या भाषेत आणणे हे भाषा, भूगोल, समाजशास्त्र शिकणाऱ्यांचे काम आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पुढे काय?

असे दिवस वाढत आहेत काय, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. एका पावसावरून हवामान बदलल्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे. मात्र अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि त्यावर मोठी वादळे पूर्वीपेक्षा अधिक होऊ लागली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यापूर्वी अशी संख्या १९०२ मध्ये नोंदली गेली होती. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' या वादळांच्या सुमारास लांबलेल्या पावसाने महाराष्ट्रातील उभी पिके कुजली आणि 'ओला दुष्काळ' हा शब्द घरोघरी पोहोचला. समुद्र अधिक काळ ऊबदार राहणार असेल, तर हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या पावसाला आपण अपवाद म्हणून सोडून देणे परवडणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मधील. तेव्हापासून किती जणांनी ठरल्या वेळी उठून पारा पाहिला आणि वहीत आकडा लिहिला असेल! आज आपण १९६२ ची थंडी २०२२ च्या थंडीशी ताडून पाहू शकतो, ती त्या निनावी वह्यांच्या जोरावर. आपणही सरळ बाजूची एक बाटली, मापपट्टी आणि दोन तापमापक घेऊन आपल्या गच्चीवर नोंद ठेवू शकतो. त्यात दुपारचे तापमान अवश्य लिहावे. आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्या दिवशी कोळीवाड्यात, मिठागरात, बाजारात आणि शेतावर काय झाले ते माणसांना विचारून लिहावे. पहिला रकाना वेधशाळेजवळ आहे. दुसरा अद्याप कोणाजवळच पुरेसा भरलेला नाही.

पुढच्या एखाद्या डिसेंबरात पुन्हा आभाळ भरून येईल. त्या वेळी आपल्यापैकी एकाने जरी माळ्यावरची छत्री काढण्याआधी भाताच्या रिकाम्या खाचरात उतरलेल्या धनगराला 'मामा, आज कोकरं आडोशाला घ्या' असा निरोप दिला, तर त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आणि हा लेख दोन्ही सार्थकी लागतील.